बॉयलरवाल्याची गाडी

साळवे मीटरवर विश्वास ठेवत नाहीत. माणसांच्या बोलण्यावर तर त्याहून नाही. त्यांच्या शेजारी चौदा वर्षं राहून मी हे सांगतोय, तेव्हा ऐकून घ्या.

आमच्या बदलापूरच्या शिरगावातल्या सोसायटीत पंप तापला, गिझरचं पाणी गार आलं, कुणाचा फ्रिज नुसताच घरघरायला लागला, की लोक आधी धोंडिबा साळव्यांची बेल वाजवतात आणि मग जमलं तर मेकॅनिकला फोन करतात. साळवे बनियनवर येतात. काय झालं, कधी झालं, काही विचारत नाहीत. उजवा हात उलटा करतात आणि बोटांची मागची बाजू पाइपला टेकवतात. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहतात. मग पान्हा मागतात.

"तळहात निबर झालेला असतो, अवधूतभाऊ," त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "तो उशिरा सांगतो. उलटा हात खोटं बोलत नाय."

अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत, त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय, बाबासाहेबांच्या फोटोच्या जरा खाली. एकदा म्हणे मीटर सगळं ठीक दाखवत होता, वरचा इंजिनिअर ठीक आहे म्हणत होता, आणि साळव्यांनी नुसता पाइपला हात लावून प्लँट बंद करायला लावला. उघडल्यावर आतली नळी फुटायला आली होती. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलेली नाही. ती त्यांच्या बायकोने, जनाबाईंनी, मला किमान वीस वेळा सांगितली.

माझ्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मी विम्याच्या ऑफिसात क्लार्क होतो, आता रिटायर आहे. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण सल्ला द्यायला कळावं लागतं असं कुठं लिहिलंय? मी आयुष्यभर सल्ले दिले. त्यातला एक या गोष्टीत आहे, आणि तो मला अजून खातो.

जनाबाई वहिनी अंगणवाडीत सेविका होत्या. आवाज असा की त्या जिन्यात हसल्या तर गच्चीवर कळायचं. मला त्या भावजी म्हणत आणि येताजाता टोमणे मारत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार उल्हासनगरला डायलिसिस. पहिली पाळी सहाची, म्हणून सव्वापाचला घरून निघायचं आणि अकराच्या सुमारास परत यायचं. मुलगा मुकेश आणि सून प्रीती कॅनडात. साळव्यांना गाडी लावायला जागा मिळेपर्यंत वहिनींना लिफ्टपर्यंत धरून नेणारं कुणीतरी हवं होतं, आणि मला काही काम नव्हतं. म्हणून मी मागच्या सीटवर बसून जायला लागलो.

डायलिसिसने माणसाला थंडी वाजते हे मला तोवर माहीत नव्हतं. रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत सोडायचं. बाहेर येताना वहिनींचे दात वाजत असायचे. बाहेर ऊन पडलेलं, रिक्षावाले शर्टाची बटणं उघडून बसलेले, आणि या स्वेटर, शाल, कानटोपी घालून कुडकुडतायत. घरी गेल्यावर गरम पाण्याची पिशवी होती, रजई होती. पण गाडीतला तो पाऊण तास त्यांना नकोसा व्हायचा. त्यात यंदा बदलापूरला थंडीही जरा जास्तच पडली. सकाळी निघताना काचेवर दव असायचं.

डिसेंबरातल्या एका सोमवारी अंबरनाथच्या सिग्नलला गाडी थांबली असताना वहिनी म्हणाल्या, "बघा ओ भावजी. बॉयलरवाल्याची बायको, आणि थंडीनं मरतेय."

त्या हसल्या. मीही हसलो. साळवे हसले नाहीत. त्यांनी डॅशबोर्डकडे बघितलं. तिथे एक गोल बटण होतं, त्याची एक बाजू निळी, एक बाजू लाल. गाडी घेतल्यापासून तेरा वर्षांत ते लाल बाजूला कधी गेलंच नव्हतं. त्यांनी ते फिरवलं. घट्ट झालं होतं, पण फिरलं. पंखा सुरू केला. आतून फुर्रकन धूळ आली आणि मागोमाग गार हवा.

"येईल गरम. इंजिन तापू दे," साळवे म्हणाले.

बदलापूर आलं तरी हवा गारच होती. त्यांनी हात उलटा करून जाळीसमोर धरला होता, गाडी एका हाताने चालवत होते. गेटजवळ आल्यावर पंखा बंद केला आणि म्हणाले, "बघतो."

तो शब्द मी हजारदा ऐकलाय. साळवे 'बघतो' म्हणाले की ती वस्तू दुरुस्त होते. वहिनींच्या किडनीचं निदान झालं तेव्हा ते डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी हा शब्द उच्चारला नाही. आता दोन वर्षांनी त्यांच्या हाताला लागेल असं काहीतरी सापडलं होतं. हीटर. वहिनींची किडनी त्यांना दुरुस्त करता येत नव्हती, पण बायकोला परतीच्या वाटेवर गरम हवा मिळवून देणं, हे त्यांच्या धंद्यातलं काम होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण काढून बोट बुडवलं. पाणी भरलेलं होतं. इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं. मग मला दोन काळे रबरी पाइप दाखवले, इंजिनमधून निघून डॅशबोर्डच्या मागे जाणारे. "यातून गरम पाणी आत जातं, आत एक छोटा रेडिएटर असतो, पंखा त्याच्यावरून हवा मारतो. बॉयलरसारखंच आहे सगळं. सोपं आहे." उलटा हात एका पाइपला लावला, मग दुसऱ्याला. कपाळाला आठी पडली.

"काय झालं?"

"कोमट. एक कोमट, एक गार."

"मग गरम पाण्याची पिशवीच ठेवू या ना गाडीत," मी म्हणालो. माझा सल्ला. त्यांनी बॉनेट लावलं.

पहिला गॅरेजवाला बदलापूर वेस्टचा. त्याने सांगणं पुरतं ऐकलंच नाही, एसीचा गॅस भरून दिला. गाडीतून आधीपेक्षा गार हवा यायला लागली. बुधवारी वहिनींनी नाकाला पदर लावला. त्यांनी एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुसरा उल्हासनगरचा, डायलिसिस सेंटरच्या मागच्या गल्लीतला सिंधी दुकानदार, गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा. वहिनी आत मशीनला लावलेल्या, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे. त्याने चष्मा वर केला. "हीटर? साईं, पच्चीस साल से बैठा हूँ इधर. हीटर बनवायला आलेले तुम्ही पहिले." मग त्याला आमची दया आली असावी. डॅशबोर्डखाली डोकं घालून त्याने बटणाची वायर तपासली, आतली झडप हाताने हलवून दाखवली. झडप उघडत होती, मिटत होती. "इधर सब ठीक है. तुम्हारा पानी ही गरम नहीं होता होगा. रेडिएटरवाले को दिखाओ."

साळवे परत येताना म्हणाले, "बरोबर बोलला तो. पाणीच तापत नाय." आणि मग त्यांनी पहिल्यांदा मीटरकडे बोट दाखवलं. तापमानाचा काटा तळाशी पडून होता. आम्ही दहा किलोमीटर आलो होतो आणि काटा जागचा हलला नव्हता.

तो काटा मला चांगला माहीत होता. मी त्याचं कौतुक करायचो. "साळवे, तुमची गाडी कधी गरम होत नाही हो," असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. त्या दिवशी मागच्या सीटवर बसून काट्याकडे बघताना माझ्या मनात काहीतरी टोचलं. काय ते आठवलं नाही. किंवा मी आठवू दिलं नाही. आता खरं काय ते सांगणं अवघड आहे.

इकडे मुकेशचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्यामागे खिडकीत बर्फ दिसत होता. वहिनींनी कौतुकाने सांगितलं, तुझे पप्पा माझ्यासाठी गाडीत हीटर करतायत. मुकेश म्हणाला, "अगं आई, इथे तर मी घरात बसून फोनवरून गाडी आधी गरम करतो आणि मग खाली उतरतो." तो चांगल्या मनाने म्हणाला, पोराच्या मनात काही नव्हतं. साळवे उठून आत गेले आणि बराच वेळ नळाखाली हात धुत राहिले. मला त्या पोराचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. त्याने तरी काय करायचं होतं, इतक्या लांबून?

तिसरा हरिचंद्र. बदलापूर गावातला, आगरी माणूस, पन्नाशीचा. बापजाद्यांची भातशेती होती, आता त्यातल्या एका तुकड्यावर पत्र्याची शेड आणि बाहेर हाताने रंगवलेली पाटी, 'सर्व प्रकारचे रेडिएटर'. आम्ही गेलो तेव्हा तो एका टेम्पोच्या पोटाखाली होता. बाहेर आला, ऐकलं, आणि हसला.

"काका, बदलापुरान हीटर कोन लावतं? आमचे लोक तं थंडीन पन एसी लावतान."

"माझ्या बायकोला लागतो," साळवे म्हणाले.

हरिचंद्रचं हसू मावळलं. इंजिन चालू करून त्याने रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपवर हात ठेवला. इंजिन सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. तो साळव्यांकडे वळला. "काका, हात लावा."

साळव्यांनी उलटा हात लावला. पाणी आतून वाहत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. एकतीस वर्षं बॉयलर चालवलेल्या माणसाला आपल्याच गाडीत काय नाहीये ते त्या क्षणी कळलं.

"एवढ्या लवकर पाणी इकडे यायला नको," ते सावकाश म्हणाले. "आधी इंजिन तापलं पाहिजे. मग पाणी अडवून धरणारा वॉल उघडला पाहिजे."

हरिचंद्रने दोन बोल्ट काढले, ॲल्युमिनियमचं एक टोपण उचललं आणि बॅटरी लावून आत दाखवलं. आत काही नव्हतं. नुसतं भोक.

"यो बगा. वॉलच नाय. कोनीतरी काढून टाकलाय. आमच्याकडं सगलेच काढतान, गारी गरम नको व्हायला म्हनून. मी पन काढतो. पन मंग इंजिन कवाच तापत नाय. पानी सारकं फिरतंच रातं. हीटरला गरम पानी येल कुठून?"

"मी काढू दिला नसता," साळवे म्हणाले. "कंपनीने वॉल दिला तो काय शोभेला? मी कुणाला काढू दिला नसता."

आणि मला सुकेळी खिंड आठवली. सगळी, उन्हासकट.

सहा वर्षं झाली असतील. मार्च महिना, वीस तारीख. साळवे दरवर्षी चवदार तळ्याला, महाडला जातात. त्या वर्षी मलाही म्हणाले, चला. नागोठण्याच्या पुढे खिंडीत गाडी उकळली. बॉनेटखालून वाफ. वहिनी रस्त्याच्या कडेला एका करंजाच्या झाडाखाली बसल्या, पदराने वारा घेत, चेहरा लालबुंद. साळवे कॅन घेऊन पाणी आणायला खालच्या वाडीत गेले. तेवढ्यात दुचाकीवरून जाणारा एक मेकॅनिक थांबला. त्याने पाहिलं, म्हणाला, वॉल चिकटलाय, काढून टाकतो, परत कधी गरम होणार नाही. नवा टाकायचा तर पेणला परत जावं लागेल.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांना ऊन सोसवत नव्हतं. आणि मी, ज्याला ओ की ठो कळत नाही, म्हणालो, "काढून टाक बाबा. आपल्याला कुठं काश्मीरला जायचंय?"

त्याने ती तांब्याची बोटभर वस्तू काढली आणि झुडपात भिरकावली. साळवे पाणी घेऊन आले तोवर झाकण बसलं होतं. मी एवढंच सांगितलं, "झालं दुरुस्त. हुशार माणूस होता." साळव्यांनी झाकणाला उलटा हात लावून बघितलं, पण गरम झाकणाला बाहेरून हात लावून आत काय नाही ते कसं कळणार? त्यांनी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला.

हरिचंद्रच्या शेडमध्ये मी हे सगळं सांगून टाकलं. गप्प बसता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण मला राहवेना. मला इतकी लाज वाटत होती की मी साळव्यांकडे न बघता त्या टेम्पोच्या चाकाकडे बघत बोललो. तीन आठवडे ती बाई माझ्यासमोर कुडकुडत होती, आणि मी मागच्या सीटवर बसून गरम पाण्याच्या पिशवीचे सल्ले देत होतो.

साळव्यांनी त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तिला ऊन लागत होतं ना त्या दिवशी. मीपण तेच केलं असतं कदाचित." आणि हरिचंद्रकडे वळून, "वॉल कधी मिळेल?"

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला घरी जाऊन जेवण गेलं असतं.

वॉल उल्हासनगरच्या मार्केटमधून यायला दोन दिवस लागले. तोवर हरिचंद्रने आणखी एक गोष्ट शोधली. वॉल काढल्यापासून गाडी तापतच नव्हती, म्हणून आम्ही तिच्यात कूलंट टाकणंच सोडलं होतं. बोअरचं पाणी ओतायचो, आमच्या शिरगावच्या बोअरचं, ज्याने बादल्यांना पांढरा थर बसतो. हीटरचा छोटा रेडिएटर त्याने चोंदला होता. हरिचंद्रने दोन्ही पाइप सुटे करून एकातून नळाचं पाणी सोडलं. दुसऱ्यातून चहाच्या रंगाचा गाळ आला. मग उलट्या बाजूने सोडलं. पुन्हा गाळ. साळवे तिथे उकिडवे बसून राहिले, पाणी नितळ होईपर्यंत. "कंपनीत असताना पाणी तपासल्याशिवाय एक लोटा बॉयलरमध्ये जाऊ दिला नाय मी," ते म्हणाले. "आणि घरच्या गाडीत काय ओततोय ते बघितलं नाय."

गाडी गॅरेजात होती म्हणून शुक्रवारी वहिनींना रिक्षाने न्यावं लागलं. दोन्ही बाजूंनी वारा. सेंटरवर पोचलो तेव्हा ओठ निळसर झाले होते. त्या दिवशी डॉक्टरांनी साळव्यांना बाहेर बोलावलं. मी शेजारीच होतो. तरुण डॉक्टर होता, नीट बोलत होता. म्हणाला, काका, हृदय कमजोर झालंय, रक्त पायांपर्यंत पोचत नाहीये. औषधं चालू आहेत. याच्यापुढे फार काही करण्यासारखं नाही. त्यांना उबेत ठेवा, आनंदात ठेवा.

"म्हणजे पंप कमी पडतोय," साळवे म्हणाले.

"हो. तसंच म्हणा."

"पंप बदलता नाय येणार."

"नाही काका. या वयात, या तब्येतीत नाही."

साळव्यांनी मान हलवली. पाचेक मिनिटांनी त्यांनी हरिचंद्रला फोन लावला आणि विचारलं, वॉल आला का.

सोमवारी गाडी तयार होती. सव्वापाचला निघालो. कात्रप ओलांडेपर्यंत हवा गार. साळव्यांचं लक्ष काट्यावर. काटा हलला. एक रेष, दोन रेषा, आणि मधोमध येऊन थांबला. अंबरनाथच्या अलीकडे जाळीतून गरम हवा आली. खरीखुरी गरम, तव्यावरून येते तशी. वहिनींनी डोळे उघडले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आलं की ओ."

मागून मला साळव्यांचे कान दिसत होते, ते लाल झाले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

परतीच्या वेळी अकरा वाजले होते, रस्त्यावर लख्ख ऊन. चारी काचा बंद, हीटर पुरा लाल बाजूला, हवा पायांवर सोडलेली. वहिनी पुढच्या सीटवर रजईत गुंडाळलेल्या, मशीनने पार पिळून काढलेल्या, पण दात वाजत नव्हते. अंबरनाथ सोडलं आणि त्या झोपल्या. दोन वर्षांत गाडीत त्यांना झोप लागलेली मी पहिल्यांदा बघितली. मी घामाने निथळत होतो. साळव्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. काच खाली करायची माझी हिंमत नव्हती.

सोसायटीचं गेट आलं. साळव्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, वाकून रजईची कड उचलली आणि उलटा हात वहिनींच्या पावलाला लावला. डोळे मिटून थोडा वेळ तसेच राहिले.

"गार आहेत अजून," ते हळूच म्हणाले. आणि गाडी पुढे घेतली.

कात्रप, स्टेशनचा पूर्वेचा रस्ता, परत शिरगाव. गेट. हात. "गार." पुन्हा पुढे. वॉचमनने दुसऱ्या वेळी गेट उघडलं आणि आम्ही थांबलोच नाही म्हणून तो बघतच राहिला. तिसऱ्या फेरीला मी मागून हात घालून जाळीसमोर धरला. हात भाजेल इतकी हवा गरम होती. साळव्यांनी मला आरशात बघितलं.

"हवा गरम आहे ना, अवधूतभाऊ?"

"भाजतेय."

"काटा मधे आहे. वॉल नवा आहे. पाइप मोकळा आहे." ते एकेक गोष्ट मोजल्यासारखी म्हणत होते, कंपनीत पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगत असतील तशी. "मग पाय का तापत नाय?"

उत्तर त्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी शेजारीच होतो. तरी त्यांनी मला विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे द्यायला सल्ला नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शर्ट पिळून काढण्याइतका ओला होता.

चौथ्या वेळी गेटसमोर गाडी थांबली. साळव्यांनी रजईत हात घातला. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. ते तसेच वाकून राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग डावा हात गिअरकडे नेला.

"घर आलं का ओ?" वहिनींनी विचारलं. डोळे मिटलेलेच.

"नाय अजून," साळवे म्हणाले. "अंबरनाथलाच आहोत. तू झोप."

वहिनींनी डोळे उघडले. समोर आमचं गेट होतं, गेटवर सोसायटीचं नाव होतं, आणि वॉचमन वाकून काचेतून आत बघत होता. त्यांनी ते सगळं बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या भिजलेल्या शर्टाकडे, पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे.

"बंद करा ती गाडी," त्या म्हणाल्या. "झाले माझे पाय गरम."

"झाले?"

"झाले म्हणते ना. चांगले ऊन ऊन झालेत. केवढं तापवाल? बॉयलर आहे का मी?"

साळव्यांचा उजवा हात अजून रजईतच होता, वहिनींच्या पावलावर. तो हात त्यांना काय सांगत होता ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"बरं," ते म्हणाले. हात बाहेर काढला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.